घारींकडेच जा

मला पक्षी आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर ऐकणारे म्हणतील, बाईला घारींचं वेडच होतं, तिला काय वाटेल ते दिसणार. वेड आमच्या ह्यांना होतं. मी आपली मिरजेची, वेळेवर कणीक मळावी, पेपर वाचावा आणि खिडकीत कबूतर बसलं तर झाडू दाखवावा अशातली.

आमचे हे, म्हणजे वसंतराव, टेलिफोन खात्यात होते. तीन वर्षांच्या बदलीवर म्हणून मद्रासला आलो, मद्रासचं चेन्नई झालं तरी आम्ही इथेच. गिंडीला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या अंगाला आमची तीन मजली बिल्डिंग आहे, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाल्कनीसमोर, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक अवाढव्य झाड आहे. इथले लोक त्याला तूंगुमूंजी मरम म्हणतात, झोपाळू तोंडाचं झाड, कारण संध्याकाळ झाली की ते पानं मिटून घेतं. त्याच्या वरच्या बेचक्यात दर जानेवारीत घारीचं जोडपं येतं आणि जुनंच घरटं डागडुजी करून वापरतं. आमच्या बाल्कनीतून ते अगदी समोर दिसतं.

ह्यांनी त्यासाठी दुर्बीण घेतली होती. सकाळी उठलं की स्टुलावर बसायचं आणि दुर्बीण डाव्या डोळ्याला लावायची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्याचं ऑपरेशन ‘पुढच्या महिन्यात’ होतं, गेली तीन वर्षं. एक वहीही होती. ‘सव्वासात. नर उंदीर घेऊन आला.’ असलं काहीतरी तीत लिहायचे. मी म्हणायची, तिचा नवरा निदान न सांगता घरात काही आणतो तरी. हे नुसते हसायचे. राग नावाची गोष्ट देवानं त्या माणसाला दिलीच नव्हती. आमच्या घरातला सगळा राग माझ्याच नाकावर.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, पण सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. घरातून निघताना आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. आणि घरात राहणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. मोठ्यांना ‘या’, लहानांना ‘ये’. तमिळ लोकांतही तसंच आहे, ‘जाऊन येतो’ म्हणतात. माझी आई सांगायची, वास्तुपुरुष घरात बसून सारखा तथास्तु म्हणत असतो, तेव्हा उंबऱ्यावर जिभेला आवर घाल. आईचं मी ऐकलं असतं तर मग काय हवं होतं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आंघोळीला जाताना मी ह्यांना सांगून गेले, "अहो, दूध ठेवलंय, बघा." बाहेर येऊन पाहते तो दूध उतू जाऊन कट्ट्यावरून जमिनीवर, आणि हे बाल्कनीत दुर्बीण लावून. मग मी जे तोंड सोडलं ते काय विचारता. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, मराठी न कळणाऱ्यांनासुद्धा. ह्यांनी गुपचूप फडकं घेऊन कट्टा पुसला, तोही अर्धवट. नऊला दहा कमी असताना चपला घालून दारात उभे राहिले.

"येतो गं."

मी म्हटलं, "जा. घारींकडेच जा एकदाचे."

ते थोडं थांबले. ‘या’ ऐकायची सवय होती ना. मग दार हळू ओढून घेतलं आणि गेले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातून फोन आला. खुर्चीत बसल्याबसल्या गेले होते. हार्ट.

लोक म्हणाले, बोलाफुलाला गाठ पडली, मनाला लावून घेऊ नका. म्हणायला काय जातं. तो ‘या’ माझ्या घशात तसाच राहिला. वर्षभर जेवताना, पाणी पिताना, कुठेही, तो आपला तिथेच. एकदा, फक्त एकदा तो म्हणून टाकता आला असता तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

पुढच्या जानेवारीत घारी आल्या. मी बघणार नव्हतेच. पण एक दिवस वाळत घातलेलं फडकं दोरीवरून गेलं. फडकं म्हणजे ह्यांचं जुनं बनियन. आपल्याकडे नवऱ्याचं बनियन मरत नाही, ते धूळ पुसायला लागतं. शेजारच्या अलमेलूंनी सांगितलं, "तें परुंदूनें नेलें. घरट्यांत घालावयास त्यांस पांढरें वस्त्र बहु आवडतें." परुंदू म्हणजे घार. अलमेलू तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी मराठी इकडे आणलं आणि मग महाराष्ट्राला विचारायचं राहूनच गेलं. त्या भाजीचा भाव सांगत असल्या तरी मला लढाईचं पत्र ऐकल्यासारखं वाटतं.

मी वर्षानं पहिल्यांदा दुर्बीण काढली. घरट्यात काटक्या, वायरचे तुकडे, प्लॅस्टिकची पिशवी आणि मधोमध पसरलेलं बनियन. काखेजवळ लाल टाका. पांढरा दोरा संपला होता म्हणून तो मीच घातला होता. त्याच्यावर मादी बसली होती. मी दुर्बीण खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी नर आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसला. माणसापासून चार हातांवर घार अशी बसत नाही. मी झाडू आणायला वळले आणि तशीच थांबले, कारण त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे डाव्या डोळ्यानं पाहिलं. मग मान फिरवली तेव्हा त्याचा उजवा डोळा दिसला. दुधावर साय धरते तसा तो पांढरा होता. मी घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा कमी होते.

त्या दिवशी मी ह्यांची वही उघडली. वर्षभर हात लावला नव्हता. आधीच्या नराबद्दल पानंच्या पानं होती, त्याच्या डोळ्याबद्दल एक शब्द नव्हता, आणि डोळा ह्यांच्या नजरेतून सुटला नसता. शेवटची नोंद त्याच सकाळची. ‘नर चार दिवस दिसला नाही. मादी एकटीच बसून आहे, उपाशी. दुसरा नर आला नाही तर संपलं.’ म्हणजे दूध उतू गेलं ते त्या काळजीत. आणि मी म्हटलं होतं, घारींकडेच जा. तिकडे जागा रिकामीच होती.

वही मिटून मी खूप रडले. असले विचार सांगायचे कुणाला? मुलाला सांगितले असते तर त्यानं मला डॉक्टरकडे नेलं असतं.

तो रोज यायला लागला. नऊला दहा कमी. कठड्याच्या डाव्या टोकाला, ह्यांच्या स्टुलाच्या वरच्या बाजूला. दोन-तीन मिनिटं बसायचा. जाताना थरथरती शीळ घालायचा आणि थांबायचा. अगदी थोडं थांबायचा. पाचव्या का सहाव्या दिवशी ते थांबणं मला कळलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या."

तो उडाला. आणि माझा घसा मोकळा झाला. किती दिवसांनी मी त्या दिवशी पोटभर जेवले. तेव्हापासून रोज तो शीळ घालायचा आणि मी ‘या’ म्हणायची. वेड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला बरं वाटत होतं.

अलमेलूंची बाल्कनी आमच्याला लागून आहे. त्यांनी ऐकलं. एका दुपारी रसम देण्याच्या निमित्तानं आल्या, डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "जयवंतीबाई, बोलावूं नका. बोलावलें तर येतील. आल्यावर ठेवाल कोठें?"

मी म्हटलं, "तुमच्या रसमात आज मीठ जास्त पडलं असेल, बघा आधी." असं बोलायला नको होतं. त्या तशाच परतल्या.

आता मुलाचं सांगते. कौशिक माझा एकुलता एक. ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे. गिंडीतच जन्मला-वाढला, मित्रांशी तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि मराठी म्हणजे आनंदच आहे. पण घरातून निघताना ‘येतो आई’ तेवढं बिनचूक. वडील गेल्यावर त्यांची स्कूटर तोच चालवायला लागला, जेवायला त्यांच्याच खुर्चीवर बसायला लागला. कंपनीची बस नऊला हमरस्त्यावरून सुटते, तिथवर तो स्कूटरनं जायचा, म्हणून निघायची वेळही तीच. एका अंगानं बाल्कनीतली शीळ, दुसऱ्या अंगानं दारातलं ‘येतो आई’. मी इकडे ‘या’ म्हणायची आणि तिकडे ‘ये’.

फेब्रुवारीत घारीनं कौशिकला पहिल्यांदा मारलं. तो गच्चीवर टीव्हीची डिश नीट करायला गेला होता, मागून आली आणि डोक्यावरून नखं ओढून गेली. अंडी असली की असं करतात, ह्यांच्या वहीतसुद्धा आहे, म्हणून मी हळद लावली आणि सोडून दिलं. आठवड्यानं पुन्हा, खाली स्कूटरपाशी. आजूबाजूला चार माणसं होती, नेमका हाच. मग तो जिन्यातूनच हेल्मेट घालून उतरायला लागला. वॉचमन हसायचा. मी हसत नव्हते. दोन्ही वेळा मारणाऱ्या घारीचा उजवा डोळा कसा होता ते कौशिकला विचारावंसं वाटत होतं, आणि विचारवत नव्हतं.

तिसऱ्या वेळी विचारायची गरज पडली नाही. रविवार होता. कौशिक बाल्कनीत जाऊन ह्यांच्या स्टुलावर बसला आणि दुर्बीण उचलली. "अप्पा काय बघायचे गं एवढं?" असं म्हणाला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तो नर झाडावरून सरळ आला, ओरडला नाही, काही नाही. कौशिकनं दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली होती. घाव पडला उजव्या भुवईवर. चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

संध्याकाळी मी अलमेलूंचं दार वाजवलं. मला माफी मागता येत नाही, त्यांना ते ठाऊक आहे. त्यांनी कॉफी पुढे केली आणि म्हणाल्या, "त्यांस घरांत यावयाचें आहे. तुम्हींच रोज या म्हणतां. परंतु त्यांच्या जागीं मुलगा बसला आहे."

"मग मी काय करू?"

"पाठवावें."

"पाठवायचं म्हणजे जा म्हणायचं?"

अलमेलूंनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. त्यांनाही ती सकाळ माहीत होती. भिंतीला भिंत आहे.

रात्रभर मी विचार केला म्हणणार नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतं. एकीकडे मुलाचा डोळा. दुसरीकडे तो शब्द, जो एकदा म्हटल्याबद्दल मी वर्षभर जळत होते, तो त्याच माणसाला पुन्हा म्हणायचा. सकाळी आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला आणि साडेआठपासून बाल्कनीत उभी राहिले. कौशिक आत बूट घालत होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं, मला पाच मिनिटं हाक मारू नकोस.

नर आला. कठड्यावर बसला. मान वाकडी करून पाहिलं. मी हात जोडले. खरं सांगते, इतकं निरखून मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं. पिसं तपकिरी होती, कडेला विटलेली. त्यानं शीळ घातली आणि थांबला.

"जा," मी म्हटलं. तो हलला नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "जा आता."

त्याच वेळी मागे दाराची कडी वाजली. घारीच्या शिळेत मला ऐकूच आलं नव्हतं, की माझ्या पाठीमागे, दारात, कौशिक म्हणाला होता, "येतो आई." मी सांगितल्याप्रमाणे त्यानं हाक मारली नव्हती. पण ‘येतो’ म्हटल्याशिवाय तो जात नाही. लहानपणापासून मीच ती सवय लावली.

आणि त्याला उत्तर मिळालं होतं.

‘ये’ म्हटलं असतं तर ते त्याचं झालं असतं. ‘या’ म्हटलं असतं तर ह्यांचं. ‘जा’ मात्र लहानाला तोच आणि मोठ्याला तोच. हे व्याकरण मला आयुष्यभर येत होतं, पण कळलं ते त्या मिनिटाला. मी अनवाणी जिना उतरले. स्कूटर निघून गेली होती. वर येऊन मोबाइलवर फोन लावला तर तो फ्रिजवर वाजायला लागला. विसरून गेला होता.

बाल्कनीत पाहिलं, कठडा रिकामा. घरट्यात मादी एकटी बसलेली. गेले होते, दोघेही गेले होते.

अलमेलू येऊन माझ्याजवळ बसल्या. दहा वाजले. साडेदहा वाजले. मी नुसती घड्याळाकडे पाहत होते. अकरा वाजले. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

मी उठले नाही. अलमेलूंनी रिसीव्हर उचलला, ऐकलं, आणि माझ्या हातात आणून दिला.

"आई, मोबाइल घरी राहिला," कौशिक म्हणाला. कारखान्यातला आवाज मागे येत होता. "हॅलो? आई?"

"ऐकतेय."

"काही नाही, सांगायला केला." मग म्हणाला, "सकाळी तू मला जा म्हणालीस."

"तुला नव्हतं रे म्हटलं."

"मग मला म्हण ना."

फोनची वायर लांब आहे. मी रिसीव्हर घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत आले होते. नर कठड्यावर बसला होता. केव्हा आला, कळलं नाही. डाव्या डोळ्यानं माझ्याकडे पाहत होता, चोच थोडी उघडी, आणि शीळ घातलेली नसतानाही तो थांबलेला होता. मला ‘ये’ आणि ‘या’, दोन्ही शब्द म्हणता आले असते. एका श्वासात म्हणता आले असते. आल्यावर ठेवाल कोठें, हे अलमेलूंनी विचारलंच होतं.

"ये," मी म्हटलं. स्पष्ट म्हटलं, ‘ये’ जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवून. आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

कौशिक संध्याकाळी सहाला घरी आला, धडधाकट. मी त्याला बोलले, मोबाइल विसरतोस, डोकं कुठे असतं म्हणून. माझा जीव भांड्यात पडल्यावर मी अशीच बोलते.

त्यानंतर नर कठड्यावर आला नाही. कौशिकलाही पुन्हा काही झालं नाही. एप्रिलात दोन पिल्लं उडाली, घरटं ओस पडलं. बनियन वाऱ्यापावसानं फाटून एक चिंधी लोंबत राहिली, लाल टाका काही दिवस दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला.

मी आता ‘या’ हा शब्द कुणालाच म्हणत नाही. गॅसवाला असो, पाहुणे असोत, अलमेलू असोत. ‘भेटू’ म्हणते, नाहीतर नुसती मान हलवते. लोकांना वाटतं, म्हातारीला माणसं नकोशी झाली. वाटू दे. कौशिकला मात्र रोज दारापर्यंत जाऊन, त्याच्या तोंडाकडे पाहून ‘ये’ म्हणते. भुवईवरची ती खूण मला रोज दिसते.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की कौशिक कंपनीच्या कामानं पुण्याला गेला आहे. चार दिवस. घरात मी एकटीच, ह्यांची खुर्ची रिकामी. आज सकाळी दूध तापत ठेवलं आणि अलमेलू दारात आल्या. लेकीकडे सिरुसेरीला चालल्या होत्या. "येतें हां, जयवंतीबाई," म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "या."

त्या चपापल्या. माझ्या तोंडून चुकून गेलं असं वाटून त्यांनी माझा हात दाबला आणि जिना उतरून गेल्या.

चुकून गेलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगते. नऊला दहा कमी होते आणि बाल्कनीचं दार मी सकाळीच उघडून ठेवलं होतं. मागे कठड्यावर पंख मिटल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही, म्हटलं, "दूध ठेवलंय, बघा." आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा गॅस बंद होता आणि दूध उतू गेलं नव्हतं.

आज गुरुवार. कौशिक रविवारी येतो.